जुन्या नकाशावरचा कंदीलवाला

अरुण,

तुझ्या शोकसभेसाठी चार ओळी मीच लिहून दिल्या. कारखान्यातून फोन आला, "मॅडम, आप तो लिखती ही हैं, आप ही भेज दीजिए." खरंच आहे. नव्या रायपूरच्या सचिवालयात बसून मी दुसरं काय करते? उद्घाटनं, भूमिपूजनं, सत्कार, श्रद्धांजल्या. दिवंगत कोण हे न विचारताही कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि सदैव हसतमुख असा माणूस मी अर्ध्या पानात उभा करून देते. तुझ्या वेळी मात्र 'सदैव हसतमुख' खोडलं. पहाटेच्या पाळीला निघताना तुझं तोंड मी बघितलेलं आहे.

बाकीचं सगळं वाचून झालं म्हणे. माईक मध्येच बंद पडला आणि एका साहेबांनी तुझं नाव अनिल असं घेतलं. तुला मजा आली असती. घरी येऊन तू त्या साहेबांची नक्कल करून दाखवली असतीस, आणि मी हसू दाबत म्हटलं असतं, पुरे आता.

त्या अर्ध्या पानात जे नव्हतं ते इथं लिहिते आहे. पन्नाशीला टेकलेला, उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये लाल सळयांसमोर उभा राहून डोळ्यांच्या कडा भाजून घेतलेला माझा नवरा एका व्हिडिओ गेमवर गोष्टी लिहायचा. हे शोकसभेत कोण सांगणार? मी सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

खरं तर दोष आपल्या भाच्याचा. तो पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा गेमचा डबा आपल्याकडे ठेवून गेला. चालतो की नाही बघायला म्हणून तू तो टीव्हीला जोडलास. त्या खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. पुढे तुमच्या त्या मोबाइलवरच्या गटात सगळे त्याला 'दलदल' म्हणायचे. एक शूर मुलगा एक भली मोठी दलदल ओलांडून कुठल्याशा बुडालेल्या राजधानीकडे निघतो, असं काहीतरी. दलदलीच्या काठावर एक माणूस कंदील घेऊन उभा असतो. तो त्या मुलाला सांगतो, डावीकडून जा, उजवीकडे पाणी खोल आहे. संपलं त्याचं काम. मुलगा पुढे जातो, खेळणारा पुढे जातो, कंदीलवाला तिथंच.

सगळं जग पुढे गेलं आणि तू थांबलास. शूर मुलाला त्या माणसासमोर उभं करून तू चहा संपवलास आणि मला हाक मारलीस.

"हे पाह्य. हा बुवा घरी केव्हा जाते?"

"कोण?"

"हा. कंदीलवाला. याचा रिलीव्हर कुठं हाय?"

मी म्हटलं, अरे, चित्र आहे ते. पण तुला ते पटणारं नव्हतं. तुमच्या मिलमध्ये पुढच्या पाळीचा माणूस येऊन जागेवर उभा राहिल्याशिवाय आधीचा हलत नाही. रिलीव्हर आला नाही म्हणून तू कितीदा डबल करून आलास, आणि मी गॅसवरची भाजी कितीदा पुन्हा तापवली. त्यामुळे सबंध दलदलीत तुला राक्षस दिसले नाहीत, खजिना दिसला नाही. रिलीव्हर न आलेला एक माणूस दिसला. त्या आठवड्यात तू पहिली गोष्ट लिहिलीस. कंदीलवाल्याचा रिलीव्हर एकदाचा येतो आणि तो घरी, बायकोकडे निघतो.

मग तू घरी निघालेल्या त्या माणसाला वर्षानुवर्षं चालवत ठेवलंस.

याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला अलीकडे, तुमच्या गटातल्या तनूकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तू म्हणायचास, "गटात टाकायचं हाय." दुसऱ्यानं घडवलेली माणसं घ्यायची आणि त्यांच्या आपल्या गोष्टी लिहायच्या. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, हे म्हणजे दुसऱ्याच्या बारशाला जाऊन आपण नाव ठेवण्यासारखं झालं. तू बुटाची नाडी सोडत होतास. मान वर न करता म्हणालास, "तू रोज मंत्र्याच्या तोंडात शब्द घालतं, तुले पगार भेटते. मी कंदीलवाल्याच्या तोंडात घालतो. त्याले तं बिचाऱ्याले दोनच वाक्य देल्ले होते."

मी भाजी तापवायला आत गेले.

रविवारी सकाळी तू मोठ्यानं वाचायचास आणि मी भाजी निवडत ऐकायचे. तुझं ते वऱ्हाडी मराठी, वडिलांकडून आलेलं, रायपूरच्या हिंदीत मुरलेलं. कंदीलवाला वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी अगदी तुझ्यासारखा बोलायचा. कोणी त्याला गूढ प्रश्न विचारला की म्हणायचा, "मले काय माहीत? मी ड्युटीवरून येऊन राहिलो." दलदलीतल्या चेटकिणीलाही तो तेच सांगायचा. मी पुस्तकं वाचून वाचून खडूस झालेली बाई. आपल्या घरात भिंतीला पोपडे धरायला जागा उरली नाही इतकी पुस्तकं. पण त्या चेटकिणीच्या वेळी पालकाची जुडी बाजूला ठेवून मी हसले होते. तुला तेवढंच हवं असायचं. मग तू 'झाली पसंत' म्हणून गटात टाकायचास.

तुमच्या गटाचं आयुष्य मला सणावारांसारखं कळायला लागलं. नवा भाग येणार अशी बातमी आली की सगळ्यांची धांदल. लग्नाआधी घराला रंग देतात तसे सगळे आपापल्या अर्धवट गोष्टी पुऱ्या करायला धावायचे. कारण एकदा खेळानं आपलं अधिकृत काय ते सांगितलं की मग तुम्हाला ते कळलंच नाही असं समजून लिहिता येत नाही. ट्रेलर आला की त्यातलं एकेक चित्र थांबवून बघायचं, कोणाच्या हातावर व्रण आहे, कोणाच्या घरात दिवा आहे. मग नवा भाग येण्याचा दिवस आणि तुमचं ते मौन. विकत घेण्याची ऐपत मोजक्यांची. बाकीचे दुसऱ्यानं खेळलेलं मोबाइलवर बघणारे. म्हणून शेवटच्या माणसाचं बघून होईपर्यंत गटात कोणी त्या खेळाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि शेवटचा माणूस नेहमी राजनांदगावचा इमरान. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तुकड्यातुकड्यानं बघणारा. त्यानं "देख लिया भाई लोग" असं लिहिलं की बांध फुटायचा.

मग यायचा पूर. नवीन पोरंपोरी, नवीन नावं. सगळ्यांना तोच एक ताजा प्रसंग लिहायचा असायचा, शंभर जणांनी शंभर तऱ्हांनी. जुन्या गोष्टी कोणी उघडायचं नाही. त्यांच्या माथ्यावर तुमचे लोक एक शिक्का मारून ठेवायचे, 'जुना नकाशा'. म्हणजे वाचणाऱ्यानं समजावं, ही गोष्ट नवा भाग यायच्या आधीची आहे, इथले रस्ते आता तसे नाहीत. दोन-चार महिन्यांत पूर ओसरायचा. नवे दुसऱ्या कुठल्या खेळाकडे जायचे आणि तुम्ही ठरलेले पंधरा-वीस जण उरायचात. तू म्हणायचास, "पाहुणे गेले. आता घरच्यापुरता चहा टाक."

मला हे ओळखीचं वाटायचं. नवं राज्य झालं, राजधानी झाली, मग नवी राजधानी बांधली. प्रत्येक वेळी फीत कापली गेली, आणि प्रत्येक वेळी 'ऐतिहासिक' हा शब्द मी स्वतः लिहिला. आमचं कार्यालय तिकडे गेलं. विमान उतरेल एवढे रुंद रस्ते, आणि बसथांब्यावर मी आणि एक कुत्रा. संध्याकाळी जुन्या शहरात, आपल्या ब्राह्मणपाऱ्यात परत आले की गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर अडकलेल्या, दोघंही मागे घ्यायला तयार नाहीत, देवळाच्या पायरीवर कोणीतरी शेंगा सोलत बसलेलं. मी तुला म्हटलं होतं, आपण जुन्या नकाशावर राहतो. तू म्हणालास, "हव. पर इथं भाजी भेटते."

तिसरा भाग आला तेव्हाचा आठवडा आठवतो? मौन सुटलं, आणि तू कामावरून आलास तो बूटही न काढता बसलास. मी विचारलं, मिलमध्ये काही झालं का. तू मान हलवलीस. म्हणालास, "म्हणे त्याले बायको नाही."

कंदीलवाल्याला. तिसऱ्या भागात कोणीतरी त्याला विचारतं आणि तो सांगतो, मला कोणी नाही. एका वाक्यात तुझी सगळी प्रकरणं खोटी ठरली. कुठल्या तरी नव्या पोरानं अगदी नम्रपणे तुला लिहिलं होतं, "अंकल, आपकी कहानी में मिस्टेक है, उसकी वाइफ है ही नहीं."

आणि मी, जिनं त्या बायकोची टिंगल केली होती, ती काय शिजवते आणि कशी चिडते यावर आक्षेप घेतले होते, मी ताडकन म्हणाले, "नाही कशी? इतकी वर्षं ती डबा कोणाला देत होती?"

तू हसलास. खरंच हसतमुख म्हणावं असा तो एक क्षण. त्याच रविवारी तू पुढचं प्रकरण लिहिलंस, वर 'जुना नकाशा' शिक्का मारून. त्या प्रकरणात वाटेतला एक जण कंदीलवाल्याला विचारतो, तुला बायको नाही असं ऐकलं. तो म्हणतो, "असं तिच्यासमोर बोलू नको."

आपलं भांडण तेवढं राहिलं. तो घरी पोचतो की नाही याचं. मी म्हणायचे, पोचवू नकोस. त्याला घराच्या अलीकडे संपव, नाहीतर घर रिकामं असू दे. तसं केलंस तर ते साहित्य होईल. तू म्हणायचास, "तुह्या साहित्यात कोणी घरी पोचतच नाही काय?" चौथ्या भागाचा ट्रेलर आला. त्यात दलदलीच्या काठावर विझलेला कंदील दिसला, नुसता कंदील, माणूस नाही. गटात रडारड सुरू झाली. तू ठरवलंस की नवा भाग यायच्या आधी आपल्या माणसाला घरी पोचवायचा, मग तिकडे काय व्हायचं ते होवो. एकच प्रकरण उरलं होतं. तू म्हणालास, "दारापर्यंत आणून ठेवला हाय. आता ह्या रविवारी."

त्या गुरुवारी पहिली पाळी संपवून तू मिलच्या फाटकाबाहेर बसची वाट बघत बाकावर बसलास. रिलीव्हर वेळेवर आला होता. तू घरी निघाला होतास.

एवढंच. यापुढचं मी लिहिणार नाही, तुला माहीत आहे आणि मला सहन होत नाही.

तुझी माणसं आली ते ऐक. सांत्वनाला लोक येत होते, सतरंजी घातलेली, नागपूरहून सुमनआत्या आलेल्या. तर गल्लीच्या टोकाला तीन-चार अनोळखी पोरंपोरी. त्यांना तुझं खरं नावच माहीत नव्हतं. गटात तू 'कंदीलवाला'. त्यांनी पानठेल्यावर विचारलं, "कंदीलवाले भैया का घर कौन सा है, जो खतम हो गए?" पानवाल्यानं त्यांना लग्नात लायटिंग करणाऱ्या दुकानात पाठवलं. दुकानाचा मालक गल्ल्यावर जिवंत बसलेला. त्याची काय अवस्था झाली ते विचारू नकोस. तिथून फिरत फिरत एकदाची आपल्याकडे पोचली.

कोपऱ्यात बसली आणि आपसात कुजबुजायला लागली.

"अब उसको कौन बचाएगा?"

"दलदल से तो निकल गया था यार. घर के सामने था."

"नया पार्ट आएगा तो पक्का मार देंगे."

सुमनआत्यांनी ते ऐकलं. त्यांचे डोळे मोठे झाले. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काहून वं, अरुण तं बसस्टॉपवर गेला म्हणून राहिली होती तू. हे पोट्टे दलदल म्हणतात, मारून टाकतील म्हणतात. पोलिसात देल्लं काय?" तुला जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता, आणि मला हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला तर सगळ्यांना वाटलं रडते आहे. आणि मग खरंच रडू आलं, कारण हे मी ज्याला सांगितलं असतं तो घरात नव्हता.

लोक गेल्यावर तनू मागे राहिली. तू तिच्याबद्दल सांगायचास, टिकरापाऱ्यातली पोट्टी, गटात सगळ्यात भांडकुदळ. घरात मराठी बोलतात, ही उत्तर हिंदीत देते. आली ती हातात तुझ्यासाठी आणलेली झेंडूची पुडी तशीच धरून. फोटो कुठं आहे हे विचारायची हिंमत तिला झाली नव्हती.

"काकू, एक बात बोलनी थी. बुरा मत मानना."

"बोल."

"अंकल की कहानी को रिलीव्हर चाहिए."

हा शब्द गटाला तूच दिलेला. एखाद्याला गोष्ट पुढे नेता येत नसेल तर ती दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं व्हायचं, पण तो येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. लिहिणाऱ्यानं स्वतः नेमायचा असतो रिलीव्हर. तू कोणाला नेमलं नव्हतंस. म्हणून ती मला विचारायला आली होती. म्हणाली, नवा भाग यायला थोडेच दिवस उरलेत. एकदा तो आला की कोणालाच हे लिहिता येणार नाही.

"काहून? नंतरही लिहिता येईल की."

"नहीं काकू. देख लिया तो देख लिया. फिर हाथ में आ जाता है. आप कितना भी सोचो कि मुझको नहीं पता, लिखने में आ ही जाता है कि वो मर गया है."

मी विचारलं, आणि कोणी लिहिलंच नाही तर?

"तो वैसे ही रह जाएगी. दरवाज़े के बाहर."

मी तिला विचार करते म्हणून सांगितलं. खरं कारण तिला सांगितलं नाही, तुला सांगते. तुमचा गट गोष्टी टाकतो त्या ठिकाणी प्रत्येक गोष्टीच्या नावाखाली एक शब्द असतो. 'सुरू' किंवा 'पूर्ण'. तुझ्या मोबाइलवर मी रोज बघत होते. कंदीलवाला. खाली तुझं गटातलं नाव, तेही कंदीलवाला. खाली, सुरू. बँकेत, कारखान्यात, महापालिकेत, जिथं जिथं तुझं नाव होतं तिथं तिथं मी स्वतः जाऊन ते बंद करून आले होते, शिक्के मारून घेतले होते. हे एकच ठिकाण होतं जिथं तुझं काहीतरी सुरू होतं. शेवटचं प्रकरण टाकलं की तो शब्द बदलणार होता.

आधी वाटलं, मीच लिहावं. सावकाश लिहीन, मनात आलं तर कधीच संपवणार नाही. एका सकाळी लिहायला बसले. इतकी वर्षं लिहिते आहे, अर्ध्या पानात माणूस उभा करते. कंदीलवाला दाराशी उभा होता, कडीला हात लावायचं बाकी. मला त्याचा हात हलवता येईना. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा त्याच्या आणि दाराच्या मध्ये एक बाक आला. पोरगी बरोबर बोलत होती. मला कळलेलं होतं. या जगात तुला घरी पोचवणं ज्या माणसाला सगळ्यात अशक्य होतं ते माणूस मीच होते.

मी तनूला फोन केला. म्हटलं, तू लिही.

ती घाबरली. "काकू, मराठी पूरी समझ आती है, पर लिखनी नहीं आती. अंकल वाली तो बिलकुल नहीं."

"तू हिंदीत लिही. मराठी मी बघते."

चार दिवसांनी तिनं पाठवलं. चांगलं लिहिलं आहे रे पोट्टीनं. तुझ्या लकबी तिला पाठ आहेत. कंदीलवाला दाराबाहेर कंदील विझवतो, तेल वाया जाऊ नये म्हणून. चिखलाचे पाय पायरीच्या कडेला घासतो. मी ते तुझ्या मराठीत आणायला बसले. तिच्या हिंदीतलं 'मैं आ गया' खोडलं, 'आलो बा' लिहिलं. 'मुझे' चं 'मले' केलं, 'क्यों' चं 'काहून'. मिनिस्टरसाहेबांची भाषणं उलटीसुलटी करताना माझा हात कधी थांबत नाही. इथं प्रत्येक ओळीला थांबत होता, कारण ओळ कागदावर यायच्या आधी तुझ्या आवाजात ऐकू येत होती. हा आवाज आता बाहेरून कुठूनच येणार नाही. माझ्याच डोक्यातून येईल, आणि हळूहळू त्यात माझाच आवाज मिसळत जाईल. मी ते काम मुद्दाम रेंगाळत केलं.

शेवटाकडे मात्र मला बदल करावा लागला. तनूनं लिहिलं होतं, तो बायकोला नावानं हाक मारतो, ती धावत येते, रडायला लागते, त्याच्या पाया पडते. वयच आहे तिचं. मी तिला फोन करून सांगितलं, असं होत नाही.

"फिर क्या होता है, काकू?"

मला सांगावं लागलं. आपल्या लग्नापासून तू कधी दारातून नावानं हाक मारली नाहीस. बूट काढायच्या आधी, पाठ वाकवून, घरात मी आहे हे बाहेरच्या दिव्यावरून कळत असूनही तू विचारायचास, "हाय काय कोनी?" आणि मी आतून, हातातलं काम न सोडता, म्हणायचे, "नाही." पहिल्यांदा रागात म्हटलं होतं, कशावरून ते आठवत नाही. मग तीच रीत पडली. पहिल्या पाळीला, दुसऱ्या पाळीला, डबल करून आलास तरी.

तनू म्हणाली, "यही डालो काकू."

मी तेच टाकलं. तो दारात उभा राहून विचारतो, "हाय काय कोनी?" ती आतून म्हणते, "नाही." तो आत जातो. पुढे काही नाही.

नवा भाग यायच्या आदल्या दिवशी, नव्या रायपूरच्या बसथांब्यावर बसून, तुझ्या मोबाइलवरून मी ते प्रकरण टाकलं. तिनं सांगितलं होतं तिथं बोट ठेवलं आणि 'सुरू' गेलं, 'पूर्ण' आलं. आवाजसुद्धा झाला नाही. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. बस आली, मी चढले, तिकीट काढलं.

तुझं म्हणणं मान्य केलं असं समजू नकोस. माणूस घरी पोचला तरी साहित्य होतं की नाही यावर मला अजून बरंच बोलायचं आहे, आणि ते ऐकायला तू नाहीस हा तुझ्याकडून झालेला मोठा अन्याय आहे. पण एक कबूल करते. तू त्याला इतकी वर्षं चालवत ठेवलंस, म्हणून तो कुणाला तरी पोचवता आला.

आता गटात मौन आहे. चौथ्या भागात त्याचं काय झालं मला माहीत नाही. इमरानचं अजून बघून झालेलं नाही. दुकानात गर्दी आहे म्हणे. ते सुटलं की पूर येईल, त्याला शंभर तऱ्हांनी मारतील, आणि तुझ्या गोष्टीवर कोणी फिरकणार नाही. पण मौन असताना जुन्या गोष्टींबद्दल बोलायला मनाई नसते. नागपूरच्या एका वाचकानं परवा लिहिलं आहे. तू गेल्याचं त्याला ठाऊक नसावं.

"दादा, पोचला बा एकदाचा! जीव भांड्यात पडला. एकच शंका. बायको घरात असून 'नाही' काहून म्हणते? लिहिण्यात चूक झाली काय?"

त्याला काय उत्तर द्यावं, हे मी दोन दिवस ठरवते आहे. तू असतास तर समजावत बसला नसतास. "चूक नाही," एवढं लिहून मोबाइल उलटा ठेवला असतास, आणि आत येऊन मला विचारलं असतंस, आज भाजी कायची केली.

वांग्याची केली आहे.